पोटाखालचा रेडिएटर

निवृत्त झाल्यावर लोकांचे नवरे सकाळी गोदाकाठी फिरायला जातात, हास्यक्लबात जाऊन विनाकारण हसतात, फार तर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. माझ्या नवऱ्याने विमान बांधायला घेतलं. मीच त्यांना म्हणाले होते, 'काहीतरी छंद लावून घ्या, दिवसभर घरात घोटाळू नका.' हे वाक्य मला आजही परत घ्यायचं आहे.

ह्यांनी चौतीस वर्षं विमानांच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली. इतकी विमानं हाताखालून गेली, पण एकातही बसायला मिळालं नाही. हे दुःख त्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. बाकीच्या बायकांना पहिल्या आठवड्यात काय काय ऐकायला मिळतं, मला हे मिळालं. मला वाटलं, संसाराला लागले की विसरतील. कसलं विसरतायत!

दिंडोरी रस्त्याला शहर संपून मळे सुरू होतात, तिथे आमचं घर. मागे दोन एकरांत झेंडू आणि शेवंती, ती मी बघते. शेजारी सासऱ्यांनी बांधलेली कांद्याची चाळ, लांबलचक आणि दोन्ही बाजूंनी हवा खेळणारी. निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात ह्यांनी चाळीतले कांदे ओसरीवर आणून टाकले आणि चाळीत विमान मांडलं. पुढची पाच वर्षं आमच्याकडे येणारे पाहुणे कांद्यांवरून पाय टाकून घरात आले. त्यातले निम्मे नंतर आलेच नाहीत. एवढा एक फायदा झाला, तो मी नाकारत नाही.

सांगाडा झाला, पंख झाले, शेपूट झालं. इंजिनापाशी घोडं अडलं. विमानाचं खरं इंजिन घ्यायचं तर मळा विकावा लागला असता, आणि मळा माझ्या नावावर आहे. म्हणून मग मोटारीचं इंजिन आणलं. तेही अपघात झालेल्या गाडीचं! मी विचारलं, "अहो, हे शकुनाला बरं आहे का?" तर म्हणाले, "धडक मागून बसलेली आहे. इंजिन पुढे असतं." ह्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला असं तंत्रशुद्ध उत्तर असतं.

आता जरा समजून घ्या, कारण मलाही घ्यावं लागलं. छोट्या विमानाचं इंजिन वाऱ्याने गार होतं. मोटारीचं इंजिन पाण्याने गार होतं. पाणी आलं की ते पाणी गार करायला रेडिएटर आला. आणि रेडिएटर आला तशी माझ्या आयुष्यातली तीन वर्षं गेली. पाच वर्षांच्या विमानात तीन वर्षं एका रेडिएटरची! एवढ्या वेळात माझ्या नणंदेने दोन मुलींची लग्नं उरकली.

पहिल्यांदा तो नाकावर बसवला, का तर गाडीत पुढेच असतो. इंजिन चालू केलं, पाच मिनिटांत तापलं. समोरून एवढा वारा आणि तरी तापलं! तेव्हा कळलं की हवा आत शिरत होती, पण बाहेर पडायला तिला वाटच नव्हती. मग तो उजव्या कुशीला बसवला. मग डाव्या. प्रत्येक वेळी नवे ब्रॅकेट, नवे रबरी गट्टू, नव्या नळ्या. रेडिएटर घट्ट आवळून चालत नाही म्हणे, थरथरून फुटतो, त्याला रबरावर अलगद बसवायचा. "मला इतकं अलगद कधी बसवलंत का हो?" असं मी विचारलं. त्यांनी स्पॅनर मागितला.

शेवटी तो पोटाखाली गेला. रेडिएटरच्या पुढे पत्र्याचा बोगदा करायचा. तोंड लहान, आत रुंद होत जाणारा, मध्ये रेडिएटर, मागे पुन्हा निमुळता. लहान तोंडातून शिरलेली हवा आत पसरते, मंदावते आणि रेडिएटरच्या जाळीतून सावकाश जाताना उष्णता घेऊन जाते. पत्रा कापण्याआधी त्यांनी बोगदा पुठ्ठ्याचा करून पाहिला. पुठ्ठा कुठला? माझ्या पैठणीच्या खोक्याचा. पैठणी तशीच कपाटात उघडी पडली होती, तिच्याकडे कोण बघतो!

बोगद्यात वारा सोडायला शेजारच्या द्राक्षबागवाल्याला बोलावलं. त्याच्याकडे ट्रॅक्टरच्या मागे लावायचा फवारणीचा ब्लोअर, त्याचा पंखा असा की उभा माणूस मागे सरकतो. तो आनंदाने आला. "काकू, लय भारी काम चाललंय काकांचं. आपल्या शिवारात इमान! आख्ख्या तालुक्यात नाय असं." त्याला काय जातंय म्हणायला? बसणार तो नव्हता.

हवा कुठून जाते ते दिसावं म्हणून बोगद्यात आतून लोकरीचे तुकडे चिकटवले होते. लोकरही माझीच. ब्लोअर सुरू झाला, हे पुढून बघत होते आणि मी मागून. मधले तुकडे नुसते लोंबत होते आणि कडेचे नाचत होते. मी ओरडले, "अहो, हवा कडेने पळतेय! रेडिएटरमधून जातच नाहीये!" ह्यांनी ऐकलं नाही. नंतर दोन दिवस गणितं करून तेच शोधून काढलं. रेडिएटर आणि पत्रा यांच्यामध्ये बोटभर फट होती. हवेला मोकळी वाट दिसली की ती जाळीतून कष्ट करत कशाला जाईल? मी म्हटलं, ही घरातल्या कुणाच्या तरी वळणावर गेलीय. मग मीच जुन्या कुलरच्या रबरी पट्ट्या आणून त्या फटी बुजवल्या. पुन्हा इंजिन चालू केलं तर तापमानाचा काटा पंधरा अंशांनी खाली. हे काट्याकडे बघून "हं" म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःच्या साहेबालासुद्धा "हं" म्हटलेलं नाही, म्हणून मी ते जपून ठेवलं.

इतकं सगळं सांगितलं, पण एक गोष्ट मी त्या काळात कुणालाच सांगितली नाही. मला भीती वाटत होती. विमान अपुरं होतं तोवर थट्टा करायला सोपं होतं. ते पुरं व्हायला लागलं तशी माझी झोप उडाली. हवेत इंजिन तापून बंद पडलं तर? गाडी बंद पडली की माणूस कडेला लावतो आणि बॉनेट उघडतो. हे कुठे लावणार? तेव्हा मी आणखी टोमणे मारायला लागले. मला दुसरं काही येत नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे खुरपी, विळे, पंप, मोटारसायकल, शिलाई मशीन, झाडून सगळ्यांची पूजा होते. विमानाचीही करायला हवी, असं मी म्हटलं. ह्यांनी शेपटीवर कुंकवाचं एक बोट लावू दिलं. "नाकावरच्या पंख्याला हार घालायचा नाही. इंजिनाजवळ काही ठेवायचं नाही. सुटी वस्तू म्हणजे मरण." मी "बरं" म्हटलं. ते पाटावर जेवायला बसले आणि वाढून झाल्यावर मी चाळीत गेले.

आमच्या मळ्यातला मोठा कोलकाता झेंडू, त्याची नऊ फुलं निवडून मी ओच्यात घेतली होती. नऊ, कारण नवमी. बोगद्याच्या तोंडावरचं कापडी झाकण मीच शिवलेलं. ते काढलं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि फुलं पार रेडिएटरला टेकवून ठेवली. हात जोडले. म्हटलं, तीन वर्षं तुला शिव्या घातल्या, त्या मनावर घेऊ नकोस. माझ्या माणसाला तापू देऊ नकोस. आणि झाकण पुन्हा लावून मी ताक वाढायला परत आले. संध्याकाळी फुलं काढून घेणार होते. पण दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी झेंडूवाल्या बाईला कुणी तिच्याच नावाने हाक मारली तरी ओळखू येत नाही. तोडणी, क्रेट, पंचवटीतला बाजार. फुलं साफ विसरले.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी उडवायच्या परवानगीसाठी सरकारी तपासणी होती. पंख उतरवून विमान ट्रॉलीवर चढवलं आणि एका ओळखीच्यांच्या खाजगी धावपट्टीवर नेलं. तपासणीला आलेले साहेब तरुण होते, बोलायला मऊ. अट साधी होती. विमान ट्रॅक्टरला बांधायचं आणि इंजिन दहा मिनिटं पूर्ण जोरावर चालवायचं. पाणी उकळलं नाही तर पुढचे कागद हलणार, उकळलं तर नाही. ह्यांनी यादी काढून एकेक नट बघितला, प्रत्येकापुढे खूण केली. बोगद्याचं फक्त झाकण काढलं. झाकण असताना आत काय जाणार?

चौथ्या मिनिटाला काटा शंभरावर. सहाव्याला रेडिएटरच्या झाकणातून वाफ फुटली आणि ह्यांनी इंजिन बंद केलं. सगळे पुढे धावले. मी जागेवरच उभी राहिले, कारण मला वास आला. उकडलेल्या झेंडूचा. बाजारातून परत आलेली फुलं पावसात सडतात आणि मग उन्हाने तापतात, तो वास मला झोपेतही ओळखता येतो.

साहेबांनी कागदावर लिहिलं आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, कारण सापडलं तर मला पुन्हा बोलवा, मी येईन. नाही सापडलं तर मात्र हट्ट करू नका. कारण माहीत नसलेली चूक हवेत नेता येत नाही." पुरुषमंडळी चहाकडे गेली. मी विमानाखाली बसले आणि हात आत घातला. पत्रा तापलेला होता, बोटं भाजली. जाळीला चिकटलेली नऊच्या नऊ फुलं ओरबाडून काढली आणि पर्समध्ये कोंबली. वर्षानुवर्षं ज्याची देवाला विनवणी केली होती, ते माझ्या पर्समध्ये गरम होऊन पडलं होतं. नवरा जमिनीवर राहणार होता. मला एक शब्दही बोलायची गरज नव्हती.

परतीच्या वाटेवर बागवाला म्हणाला, "काकू आज काय बोलंनाच. लय मनाला लावून घेतलं वाटतं." मी पर्स पोटाशी धरून बसले होते.

पुढचे बारा दिवस ह्यांनी रेडिएटर चार वेळा उतरवला. नळ्या फुंकल्या, पंप उघडला, पाणी गाळून पाहिलं. जाळीत दोन पाकळ्या सापडल्या, त्या फुंकर मारून उडवल्या. आमच्या घरात झेंडूची पाकळी चहातसुद्धा सापडते, तिला कोण पुरावा मानणार? बोटाला काय झालं म्हणून विचारलं, मी म्हटलं तवा. काहीच सापडेना. बिघाड सापडला की ह्या माणसाला जेवण गोड लागतं, पण बिघाड आहे आणि कारण नाही, हे त्यांना सोसेना. तेराव्या दिवशी विमानावर ताडपत्री टाकली. म्हणाले, "माझंच काहीतरी मुळात चुकलंय. मला येत नव्हतं ते." चौतीस वर्षांचा फिटर हे म्हणाला.

आणि मग मला आदर्श नवरा मिळाला. सकाळी फिरायला जाऊ लागले. येताना भाजी आणू लागले, आणि चक्क कोवळी. बोलावलं की पहिल्या हाकेला येऊ लागले. दुपारी खुर्चीत बसून समोर बघत राहायचे. टोमणा मारला तर "खरंय तुझं" म्हणायचे. अरे देवा, "खरंय तुझं"! पस्तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला रडू आलं. मी आठ दिवस ते सोसलं.

नवव्या दिवशी सकाळी आवाज आला म्हणून बाहेर आले. हे ओसरीवरचे कांदे टोपलीत भरून चाळीत नेत होते. विमानाच्या दोन्ही बाजूंनी ढीग लावत होते, पंखांच्या खालून, अगदी व्यवस्थित. पाच वर्षं मी ज्यासाठी भांडले ते कांदे आपापल्या जागी चालले होते.

"थांबा," मी म्हटलं. "ठेवा ती टोपली. रेडिएटरमध्ये फुलं होती. मी ठेवली होती. नवमीला. आणि नंतर मीच काढली."

त्यांनी टोपली खाली ठेवली. म्हणाले, "किती?"

"नऊ."

"मोठा झेंडू की बारका?"

मी कपाळाला हात लावला. एवढ्या मोठ्या पापाची कबुली दिली आणि हा माणूस जात विचारतोय! मळ्यात जाऊन त्यांनी तशीच नऊ फुलं आणली, रेडिएटर उतरवला, फुलं त्यावर मांडली आणि पट्टीने मापं घेतली. "म्हणजे निम्म्याच्या आसपास बंद होता," ते हळूच म्हणाले. "निम्मा बंद असून सहा मिनिटं टिकला. सहा मिनिटं, अगं!" चेहरा असा फुलला होता की मीही हसले. तिथे मी चुकले. लगेच ते लाल झाले. "आणि तू एकवीस दिवस बघत बसलीस? मी स्वतःला मूर्ख म्हणत होतो आणि तू भाकऱ्या थापत होतीस?" मग जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही, कारण त्यातला शब्द न् शब्द योग्य होता. दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. स्वतः खिचडी करून खाल्ली, तीही करपवून.

तिसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "का घातलीस?"

"सण होता," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या भाजलेल्या बोटांकडे बघितलं.

साहेबांना त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं. साहेब आले, आणि कागदावर कारणाच्या रकान्यात त्यांनी 'पूजेची फुले' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. ह्यांनीही आपल्या यादीत एक ओळ वाढवली: 'बोगदा, आतून, हात घालून'. त्यांचा हात त्या तोंडात जात नाही, तेव्हा ती खूण करायचं काम माझ्याकडे आलं. दहा मिनिटं इंजिन पूर्ण जोरावर चाललं आणि काटा अठ्ठ्याऐंशीला जाऊन थांबला. मग कागद हलले. आमच्याकडे कागद कसे हलतात ते सगळ्यांना माहीत आहे, पुढचं वर्ष त्यात आणि ह्यांच्या विमान चालवायला शिकण्यात गेलं.

उडायचा दिवस थंडीतला होता, धुकं विरल्यावरचा. मी हात घालून बोगदा तपासला आणि खूण केली. हे आत बसले. साहेबांनी माझ्या हातात बोलायचा वायरलेस संच दिला, कारण ह्यांनी तसं सांगितलं होतं. हे मला म्हणाले होते, "दर मिनिटाला मी तुला काटा सांगीन. दुसरं काही सांगणार नाही. तुला कळतं त्यातलं."

विमान पळालं, वर उठलं आणि गेलं. ते किती लहान होतं हे मला चाळीत कधी कळलं नव्हतं. संच खरखरला. "शहाऐंशी." मग, "पंच्याऐंशी." मी नुसती मिनिटं मोजत होते. "चौऱ्याऐंशी. वर गार आहे." म्हटलं, वर गार आहे तर शाल न्यायची होती. पण हे मी मनातच म्हटलं. विमान डोंगराच्या बाजूला वळलं आणि ठिपक्याएवढं झालं. एक मिनिट गेलं. संच गप्प. आणखी अर्धं गेलं.

"अहो!" मी संचात ओरडले. "अहो, आकडा सांगा!"

"अगं, खाली बघत होतो. सगळे मळे दिसतायत."

"खाली नका बघू! काट्याकडे बघा!" साहेब ऐकत होते, बागवाला ऐकत होता, धावपट्टीवरची चार माणसं ऐकत होती, आणि मला कशाचंच भान नव्हतं. "उतरा आता. मला भीती वाटते. पहिल्यापासून वाटते. ती फुलं सणाची नव्हती, मला भीती वाटत होती म्हणून ठेवली."

बागवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"मलाही वाटते," ते वरून म्हणाले. "ब्याऐंशी."